लाइट, कॅमेरा... थांबा!

स्टेजवरचा उजेड क्षणाक्षणाला रंग बदलतो आणि बदलताना कॅमेऱ्याची परवानगी घेत नाही! औशाच्या चक्रीभजनापासून माळेगावच्या तमाशाच्या तंबूपर्यंत या लहरी उजेडामागे धावून दमलेल्या एका हौशी फोटोग्राफरचा हा कबुलीजबाब...

"दादा, ह्यो मी न्हाई."

रात्रीचे अडीच वाजले होते. माळेगावच्या यात्रेतला तमाशाचा तंबू नुकताच रिकामा झाला होता. जनरेटरची घरघर चालूच होती. मी मोठ्या तोऱ्यात कॅमेऱ्याचा स्क्रीन तिच्यासमोर धरला होता. चार तासांत चारशेच्या वर फोटो! फडातली ती मुख्य नर्तकी. चाळीशीची, अंगावर शाल, पायात अजून घुंगरं. तिने एकेक करत वीस-पंचवीस फोटो पाहिले. एकात तिचा चेहरा जांभळा, दुसऱ्यात निळा, तिसऱ्यात गुलाबी. नाक कुठे संपतं आणि गाल कुठे सुरू होतो, तेही कळत नव्हतं. शांतपणे कॅमेरा परत देत ती एवढंच म्हणाली.

माझा चेहरा खाड्कन उतरला. हिंजवडीतली नोकरी, ईएमआयवर घेतलेली महागडी लेन्स, वीकेंडच्या वर्कशॉपचं सर्टिफिकेट... सगळं तिने चार शब्दांत मोडीत काढलं होतं. आणि वाईट म्हणजे ती बरोबर होती.

गोल फिरणारा पहिला धडा

आता थोडा फ्लॅशबॅक. मी मूळचा औशाचा. लातूरपासून वीसेक किलोमीटरवर. बाहेरच्यांना औसा म्हटलं की भुईकोट किल्ला आठवतो, पण वारकरी माणसाला आठवतं ते नाथ संस्थान आणि तिथलं चक्रीभजन. टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर पावलं टाकत, गोलाकार फिरत हे भजन रंगतं. पंढरपुरातही ते होतं. लहानपणापासून पाहिलेलं, त्यामुळे त्यात काही 'खास' आहे हे कळायला मला पुण्याला जावं लागलं. घर की मुर्गी, दुसरं काय!

२००८ मध्ये नोकरीला लागल्यावर पहिल्या काही पगारांतून मी सेकंडहँड निकॉन डी-४० घेतला. सहा मेगापिक्सेल, आणि आयएसओ १६००च्या वर गेलं की फोटोत नुसती रेती. तो गळ्यात अडकवून औशाला गेलो आणि थेट भजनात घुसलो.

ते दिवस लोडशेडिंगचे. वीज कधी जाईल, कधी येईल याचा नेम नाही. आली तरी व्होल्टेज इतकं कमी की ट्यूबलाइट नुसती डोळे मिचकावायची. मग इन्व्हर्टरवरचा एखादा दिवा, कोपऱ्यातला एक बल्ब, समईची ज्योत... एकाच जागी तीन रंगांचा उजेड! आणि माणसं फिरती. मी लेन्स घेऊन टाळकऱ्यांच्या मागे मागे. फोकस लागेपर्यंत माणूस अंधारात. शेवटी वैतागून फ्लॅश मारला. टाळ क्षणभर अडखळला. समोरच्या म्हाताऱ्या टाळकऱ्याने डोळे मिटून घेतले आणि पुढच्या फेरीला माझ्यासमोरून जाताना लेन्ससमोर नुसता हात धरला. चिडचिड नाही की शब्द नाही. मला मात्र जमिनीत जावंसं वाटलं.

ओट्यावर बसलेले आमचे अण्णा हे सगळं पाहत होते. जवळ बोलावून म्हणाले, "त्यांच्या मागं कशाला पळायलास? फिरून इथंच येणार हाईत की!"

अण्णांनी आयुष्यात कॅमेरा हातात धरलेला नाही. पण फंडा एकदम क्लिअर होता. एका खांबाजवळ बल्बचा उजेड नीट चेहऱ्यावर पडत होता. मी तिथे बसकण मारली. त्या जागेवर फोकस लावून ठेवला, एक्स्पोजर त्याच जागेचं घेतलं आणि गप्प बसलो. प्रत्येक फेरीत प्रत्येक माणूस त्या उजेडातून जात होता. एकेक चेहरा उजळायचा आणि पुढे सरकायचा. त्या रात्री एकूण तीस फोटो काढले, त्यातले आठ आजही मला आवडतात. त्यात तो हात धरणारा टाळकरीही आहे, डोळे उघडे असलेला.

उजेड शोधा आणि थांबा, हा तो धडा. दुर्दैवाने शिकलेलं विसरण्यात आमचा हात कोणी धरू शकत नाही!

काळोखात डोळे फुटतात

पुढे नाटकांचे फोटो काढायची चटक लागली. लातूरचं दयानंद सभागृह, नांदेडचं कुसुम सभागृह, पुण्यातले प्रायोगिक प्रयोग... दिसेल त्या नाटकाच्या ग्रुपला 'फुकट फोटो काढून देतो' म्हणून गाठायचं.

नाटकाचा उजेड यात्रेतल्या उजेडापेक्षा शहाणा असतो. तो ठरवून बदलतो. प्रकाशयोजनाकाराने प्रत्येक प्रसंगाला विचार केलेला असतो. पण कॅमेऱ्याला तो विचार कळत नाही. त्याच्या मते जगातली प्रत्येक चौकट साधारण करड्या उजेडाची असली पाहिजे. समोर नव्वद टक्के काळोख आणि मधोमध स्पॉटमध्ये एक नट असं दृश्य आलं की कॅमेरा घाबरतो. 'फार अंधार आहे बुवा' म्हणत एक्स्पोजर वाढवतो आणि नटाच्या चेहऱ्याचा पिठाचा गोळा होतो. ना सुरकुती, ना घाम, ना डोळा.

यावर इलाज दोन. एक म्हणजे स्पॉट मीटरिंग. सगळ्या स्टेजचा हिशेब सोडून फक्त चेहऱ्यावरचा उजेड मोजायचा. दुसरा म्हणजे सरळ मॅन्युअल मोडवर जायचं. पहिल्या दहा मिनिटांत एक-दोन टेस्ट शॉट घ्यायचे, चेहरा नीट आला की सेटिंग तिथेच ठेवायचं आणि मागचा पडदा काळाठिक्कर पडला तर पडू द्यायचा. तो काळोख प्रकाशयोजनाकारानेच मागितलेला असतो, आपण कोण भरून काढणारे?

नाटकात आणखी एक भानगड म्हणजे आवाज. जुन्या डीएसएलआरचा आरसा 'खट्याक' करून वर जायचा. भर शांततेत नायिका रडतेय आणि तिसऱ्या रांगेतून खट्याक, खट्याक! मिररलेस कॅमेरे आले, सायलेंट शटर आलं, आम्ही खूश. तर एका प्रयोगाचे सगळे फोटो आडव्या काळ्या पट्ट्यांनी भरलेले! झेब्रा झाला होता नुसता. कारण सोपं आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधी ट्यूबलाइटसुद्धा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. स्वस्तातले एलईडी दिवे तर सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होत असतात. डोळ्याला ते दिसत नाही. पण बहुतेक कॅमेऱ्यांत सायलेंट शटर फोटो एकदम घेत नाही, वरून खाली ओळीओळीने वाचतो. काही ओळी दिवा चालू असतानाच्या, काही बंद असतानाच्या. म्हणून पट्टे. शटर १/१०० किंवा १/५० वर आणलं तर बऱ्याचदा पट्टे जातात, पण हात जोरात फिरवणारा नट धूसर होतो. म्हणजे शांतता हवी तर पट्टे, पट्टे नको तर खट्याक. यातून मी काढलेला मार्ग म्हणजे रंगीत तालमीला जायचं. तिथे खट्याकचा त्रास नटांना फारसा होत नाही, प्रेक्षकांना तर नाहीच.

माळेगावचा इंद्रधनुष्य

नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यात खंडोबाचं माळेगाव आहे. औशाहून लातूर, अहमदपूर ओलांडून गेलं की लागतं. मार्गशीर्षाच्या शेवटी इथे यात्रा भरते. घोड्या-गाढवांचा बाजार, वाघ्या-मुरळी, लावणी महोत्सव आणि तमाशाचे फड. संदेश भंडारे यांनी अनेक वर्षं फडांबरोबर फिरून तमाशा टिपला, त्यातून 'तमाशा : एक रांगडी गंमत' हे पुस्तक झालं. ते पाहिल्यापासून डोक्यात किडा होता. जानेवारी २०२४च्या यात्रेला तो किडा मला घेऊन गेला.

पण फडाच्या व्यवस्थापकाने पहिल्यांदा सरळ 'नाही' सांगितलं. त्याचं कारण ऐकलं आणि मी गप्प झालो. २०२३ मध्ये एका नृत्यांगनेचा कपडे बदलतानाचा, चोरून काढलेला व्हिडिओ मोबाइलवर फिरवला गेला होता. पोलिसांत गुन्हा दाखल झाला, बातम्या झाल्या. त्या एका घटनेने स्टेजवर उभ्या राहणाऱ्या सगळ्याच बायकांना धडकी भरली. "कॅमेरा म्हटलं की आमच्या बाया बिचकतात," तो म्हणाला. त्यात कोरोनामुळे दोन हंगाम तंबू लागलेच नव्हते. आता कुठे गाडी रुळावर येत होती.

अर्ध्या तासाच्या चहानंतर अटी ठरल्या. राहुट्यांकडे फिरकायचं नाही. फोटो फक्त समोरून. फ्लॅश बंद. आणि फोटो आधी कलाकाराला दाखवायचे, ती नको म्हणाली तर पुसून टाकायचे. मी सगळं कबूल केलं.

तेवढ्यात ती आली. अटी तिनेही ऐकल्या होत्या. म्हणाली, तिची मुलगी लांब एका वसतिगृहाच्या शाळेत शिकते. आईने स्टेजवर काय काम केलं ते मुलीने कधी पाहिलेलं नाही. मोबाइलवर सापडतं ते पब्लिकने काढलेलं, नको तिथे झूम केलेलं. "पोरीला दाखवता येईल असा एक फोटू काढून द्या. एकच."

आणि मी तिला चारशे जांभळे फोटो दाखवले होते!

चूक कुठे झाली? पूर्वी तमाशा पलित्यांच्या, नंतर गॅसबत्तीच्या उजेडात व्हायचा. मग हॅलोजन आले. हा सगळा उजेड पिवळट असला तरी त्यात थोडेथोडे सगळे रंग असायचे. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स बदलला की माणूस माणसासारखा दिसायचा. आता स्टेजच्या दोन्ही बाजूंना एलईडीचे डबे लटकतात. निळा म्हणजे फक्त निळा. त्यात लाल नावालाही नाही. आणि माणसाची कातडी ओळखू येते ती तिच्यातल्या लाल-पिवळ्यामुळे. जो रंग उजेडातच नाही, तो कॉम्प्युटरवर आणणार कुठून?

वर कॅमेऱ्याच्या सेन्सरचं गणितही विरुद्ध. सेन्सरवरच्या बारीक घरांपैकी साधारण निम्मी हिरवा रंग टिपतात, पाव लाल आणि पाव निळा. स्टेज नुसतं निळं झालं की तीन चतुर्थांश घरं जवळजवळ रिकामी आणि उरलेली भरून वाहतात. चेहऱ्याचा रंगीत ठिपका होतो, डिटेल गायब. साधा हिस्टोग्राम मात्र 'सब ठीक है' सांगत राहतो. लाल, हिरवा, निळा वेगवेगळा दाखवणारा हिस्टोग्राम मी उघडलाच नव्हता.

पहाटे लॉजवर बसून त्यातले दोन फोटो ब्लॅक अँड व्हाइट केले. सॉलिड दिसायला लागले! सकाळी धावत जाऊन दाखवले. तिने पाहिलं आणि हसली. "काळापांढरा नको दादा. हार घालायचा फोटू वाटतोय."

ढोलकी ऐका, उजेड येईल

दुसऱ्या रात्री मी स्टेजकडे जाण्याआधी लाइटवाल्याकडे गेलो. बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा, पुढ्यात बटणांचा बोर्ड, शेजारी चहाचा ग्लास. त्याला म्हटलं, भावा, लावणीला समोरचा एक हॅलोजन चालू ठेवशील का? त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी त्याची किडनी मागितली. "पब्लिकला कलर पाहिजे. पिवळा ठेवला तर ओरडतील." बरोबरच होतं. पाच-सहाशे माणसं तिकीट काढून आली होती, माझ्या फोटोसाठी नव्हे.

पण पोरगा चांगला होता. स्वतःच म्हणाला, "ढोलकीवाला तोडा संपवतो ना, तिहाईवर... तवा मी सगळे कलर मारतो आणि पांढरा देतो. सेकंदभर. मग परत कलर."

सेकंदभर! १/२५० शटरला एक सेकंद म्हणजे चैन.

मग अण्णांचं वाक्य आठवलं. मी कठड्याला टेकून जागा धरली. गिरकी संपवून ती दर वेळी स्टेजच्या साधारण मधल्या तुकड्यावर थांबते, हे आदल्या रात्रीच्या फोटोंत दिसत होतंच. तिथे फोकस लावला. पांढऱ्या दिव्याचं एक्स्पोजर आधीच बांधून ठेवलं. आयएसओ ३२००, एफ/२.८, १/२५०. रंगीत उजेडात या सेटिंगवर काय दिसतं, याची फिकीर सोडली. आणि व्ह्यूफाइंडरमधून बघण्याऐवजी ढोलकी ऐकायला लागलो.

पहिल्या तीन वेळा चुकलो. बोट उशिरा पडलं, तोवर स्टेज पुन्हा गुलाबी. तिहाईचा तिसरा तुकडा संपण्याच्या किंचित आधी बटण दाबायचं, हे चौथ्यांदा कळलं. पाचव्या वेळी ढोलकी, गिरकी, पांढरा उजेड आणि माझं बोट... सगळं एका ठिकाणी आलं. मी स्क्रीन बघितलाच नाही. पुढची तिहाई यायची होती.

गण-गौळण आणि लावण्यांनंतर वग सुरू झाला. वगाला साधे हॅलोजन होते, पिवळे आणि स्थिर. आदल्या रात्री याच वेळी मी 'आता लावणी संपली' म्हणून लेन्स पुसत बसलो होतो! या खेपेला तेही फोटो काढले. त्या रात्रीचे एकूण फोटो साठ.

कुठला फोटो 'माझा'?

मला सगळ्यात आवडलेला फोटो तिहाईनंतरच्या पांढऱ्या सेकंदाचा होता. गिरकी थांबलीय, चेहऱ्यावर ठेवणीतलं हसू अजून परतलेलं नाही, कपाळावर घाम, तोंड किंचित उघडं, ती श्वास घेतेय. एखाद्या स्पर्धेत पहिला येईल असा. मी तोच आधी दाखवला.

तिने बराच वेळ पाहिला. "चांगला हाय," म्हणाली. मग मान हलवली. "पर ह्यात मी दमलेली दिसायले. पोरीला कशाला दमलेली दाखवायची?"

तिने निवडलेला फोटो वगातला होता. काठाची हिरवी साडी, ताठ मान, समोरच्या राजाला काहीतरी ठणकावून सांगणारी बाई. मी तो 'ठीकठाक' म्हणून बाजूला ठेवला होता. डावा हात थोडा हललेला आहे, मागे माइकचा स्टँड आलाय. पण चेहरा तिचाच आहे. पिवळा उजेड, दोन्ही डोळे स्वच्छ, रंग खरा. "हां, ही मी," ती म्हणाली.

लातूरला येऊन त्याची आठ बाय बाराची प्रिंट काढली आणि पुढच्या आठवड्यात फडाच्या मुक्कामी नेऊन दिली. तिने ती वर्तमानपत्रात गुंडाळली आणि ट्रंकेत साड्यांच्या मधे ठेवली. त्या दमलेल्या फोटोबद्दल विचारलं तर म्हणाली, "तुमच्याजवळ ठेवा. पर मोबाइलवर टाकू नका."

म्हणून या लेखासोबत तिचा फोटो नाही. संपादकांनी दोनदा मागितला, मी दोनदा नाही म्हटलं.

स्टेज फोटोग्राफीचे सात फंडे

चेहरा मोजा, स्टेज नको : स्पॉट मीटरिंग किंवा मॅन्युअल. काळोख काळाच राहू द्या.

लेन्सवर खर्च करा : बॉडीच्या आधी ५० एमएम एफ/१.८ घ्या. स्वस्त, हलकी आणि अंधारात मोठा आधार.

रॉ मध्ये काढा : पिवळ्या उजेडातला फोटो नंतर सावरता येतो. नुसत्या निळ्यातला नाही, पण निदान प्रयत्न तरी करता येतो.

तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम बघा : लाल किंवा निळा उजव्या भिंतीला आपटत असेल तर एक्स्पोजर एक स्टॉप कमी करा.

पट्टे तपासा : एलईडी दिसले की पहिल्या पाच मिनिटांत टेस्ट शॉट घेऊन तो झूम करून बघा. पट्टे दिसले तर सायलेंट शटर बंद करा किंवा १/१०० वर या.

लाइटवाल्याशी दोस्ती करा : पुढचा उजेड कधी येणार हे तुमच्या कॅमेऱ्याला माहीत नसतं, त्याला असतं. चहा पाजा!

विचारा, दाखवा, द्या : काढण्याआधी विचारा, काढल्यावर दाखवा आणि एक प्रिंट हातात द्या. 'हा मी नाही' असं कलाकार म्हणाला, तर दुसऱ्या रात्री पुन्हा जा.